अनोळखी स्क्रू ड्रायव्हरचे टोक कसे ओळखावे

टोक खाचेत शिरले की ते त्या खाचेसाठीच बनवले आहे असे गृहीत धरून आपण जोर लावतो, आणि स्क्रूचे डोके बहुधा तिथेच खराब होते. अगदीच विचित्र आकाराचे टोक हाती आले तर माणूस थांबतो आणि चार जणांना विचारतो. खरे नुकसान करतात ती एकमेकांसारखी दिसणारी टोके. आजोबांच्या हत्यारांच्या पेटीत, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात मिळणाऱ्या बिटांच्या, म्हणजे ड्रायव्हरला बसवायच्या सुट्या टोकांच्या, ढिगात ही जुळी भावंडे एकत्रच सापडतात. त्यामुळे या लेखात दुर्मिळ टोकांची माहिती असली, तरी अधिक जागा दिसायला सारख्या आणि कामाला वेगळ्या टोकांना दिली आहे.

दुकानात जाताना केवळ नावावर विसंबू नये. हार्डवेअरच्या दुकानात ‘स्टार’ मागितला की फुलीच्या आकाराचा फिलिप्स मिळतो, तर मोटारीच्या गॅरेजमध्ये त्याच शब्दावर अनेकदा सहा पाकळ्यांचा टॉर्क्स पुढे केला जातो. शक्य असेल तर स्क्रूच सोबत न्यावा, नाहीतर त्याच्या खाचेचा अगदी जवळून काढलेला फोटो दाखवावा.

आधी साफसफाई, मग निरीक्षण

जुन्या स्क्रूच्या खाचेत ग्रीस, रंग, गंज आणि माती घट्ट बसलेली असते, आणि ती नेमकी कोपऱ्यांत असते. ओळखीची बहुतेक खूण कोपऱ्यांतच असल्यामुळे न साफ केलेल्या खाचेविषयी काहीही अंदाज बांधू नये. रॉकेलात बुडवलेला जुना टूथब्रश आणि एक दणकट सुई यांनी खाच तळापर्यंत मोकळी करावी. रंग साचला असेल तर थोडे थिनर वापरावे. त्यानंतर टॉर्चचा प्रकाश समोरून न टाकता बाजूने, तिरपा टाकावा, म्हणजे खाचेच्या भिंतींची सावली पडून तिची खोली आणि उतार दिसू लागतो.

या वेळी चार गोष्टी पाहायच्या असतात. खाचेला हात किंवा पाकळ्या किती आहेत. तळ सपाट आहे, टोकदार आहे की मध्ये खुंटी आहे. भिंती सरळ उभ्या आहेत की खाली निमुळत्या होत जातात. आणि दोन हात जिथे मिळतात तो आतला कोपरा धारदार आहे की गोलसर. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी घाईत पाहिल्या जात नाहीत, आणि घोटाळा नेमका त्यांच्यामुळेच होतो.

स्क्रू नसून नुसते टोकच हाती असेल, तर थोडी ओली करून मऊ केलेली साबणाची वडी उपयोगी पडते. टोकाला तेलाचे बोट लावून ते वडीत सरळ दाबावे आणि अजिबात न फिरवता वर काढावे. उमटलेला ठसा म्हणजे त्या टोकाला लागणारी खाचच असते, आणि लोखंडावर न दिसणारा उतार त्या ठशात स्पष्ट दिसतो. मुलांच्या खेळण्यातील प्लॅस्टिसिनही चालते. दांड्यावर काही कोरले आहे का हेही प्रकाशात फिरवून पाहावे. ‘पीएच’, ‘पीझेड’, ‘टी’ किंवा ‘आयपी’ (अनुक्रमे फिलिप्स, पोझिड्रिव्ह, टॉर्क्स आणि टॉर्क्स प्लस) अशी अक्षरे असतील तर प्रश्नच मिटतो. मात्र नुसता ‘२’ हा आकडा केवळ माप सांगतो, प्रकार सांगत नाही.

फुलीचे घराणे

फुलीच्या आकाराची निदान चार टोके घरोघरी किंवा जुन्या यंत्रांत भेटतात, आणि ती सगळी ‘फिलिप्स’ या एकाच नावाखाली खपतात. खरा फिलिप्स हा अमेरिकेतील ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांनी १९३० च्या दशकात पुढे आणला. मूळ कल्पना जॉन थॉम्प्सन यांची होती, आणि १९३६ च्या कॅडिलॅक गाडीत जनरल मोटर्सने हा स्क्रू वापरल्यावर तो सर्वत्र पसरला. त्याच्या टोकाचा कोन ५७ अंशांचा असतो, शेंडा बोथट असतो, हात खाली निमुळते होत जातात आणि दोन हातांमधला कोपरा गोलाई दिलेला असतो. निमुळत्या भिंतींमुळे जोर वाढला की हे टोक खाचेतून वर चढते, त्यामुळे वरून दाबून धरल्याशिवाय फिलिप्स फिरवू नये.

याचा सर्वांत फसवा जुळा भाऊ जपानी आहे. जपानी मानकाप्रमाणे, म्हणजे जेआयएसप्रमाणे बनवलेली फुली वरून पाहता फिलिप्ससारखीच दिसते, पण तिच्या आतल्या कोपऱ्यांना तेवढी गोलाई नसते. फिलिप्सच्या टोकाची गोलाई त्या कोपऱ्यांवर अडते, टोक तळापर्यंत पोहोचत नाही, आणि जोर लावताच ते घसरून खाचेच्या कडा खाऊन टाकते. १९८५ पासून आपल्या रस्त्यांवर आलेल्या हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० या गाड्यांच्या इंजिनाच्या बाजूच्या झाकणांवरील किंवा कार्ब्युरेटरच्या वाटीवरील स्क्रू आठवून पाहावेत. त्यांतील निम्म्या स्क्रूंची फुली झिजून वाटोळी झालेली असते, आणि दोष स्क्रूच्या ‘मऊ लोखंडाला’ दिला जातो. बहुतेक वेळा लोखंड ठीक असते, टोक चुकीचे असते.

जेआयएस स्क्रू ओळखण्याची सोपी खूण म्हणजे डोक्यावर, फुलीच्या दोन हातांमधल्या सपाट जागेत असलेला एक छोटा ठिपका किंवा बारीक फुलीचे चिन्ह. हा ठिपका सुईच्या टोकाने केल्यासारखा बारीक असतो आणि ग्रीसखाली सहज लपतो. तो सगळ्याच स्क्रूंवर असतो असे मात्र नाही. त्यामुळे यंत्र जपानी असेल, मग ती मोटारसायकल असो, जुना कॅमेरा असो की टेपरेकॉर्डर, तर ठिपका न दिसताही खाच जेआयएसच धरून चालावे. दुसरी परीक्षा अशी की सुटा स्क्रू टोकावर बसवून ड्रायव्हर आडवा धरावा: योग्य टोकावर स्क्रू बहुधा सरळ उभा राहतो, चुकीच्या टोकावर डोके खाली टाकतो किंवा पडतो. टोकाला लोहचुंबक असेल तर ही परीक्षा फसवी ठरते. जेआयएसचे टोक फिलिप्स स्क्रूत सहसा नीट चालते, उलट मात्र चालत नाही. म्हणून दोहोंपैकी एकच घ्यायचे झाले तर जपानी टोक घ्यावे असे माझे मत आहे. हातोडीने ठोकायच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरसोबत येणारी बिटे बहुधा फिलिप्सचीच असतात, हेही आरएक्सचे झाकण उघडण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

पोझिड्रिव्ह हा फुलीचा युरोपीय अवतार असून तो १९६० च्या दशकात ब्रिटनमधील जीकेएन या उद्योगसमूहातून आला. मुख्य फुलीच्या हातांमध्ये ४५ अंशांवर डोक्यावर चार बारीक रेघा ओढलेल्या दिसतात, त्यामुळे खाच आठ किरणांच्या चांदणीसारखी वाटते. भिंती जवळजवळ समांतर असल्यामुळे टोक वर चढत नाही. टोकाकडून पाहिले तर चार हातांच्या मध्ये चार बारीक कंगोरे दिसतात; झिजलेल्या टोकावर हे कंगोरे नाहीसे होतात आणि त्याला कोणीही फिलिप्स समजते. घरातल्या मॉड्युलर किचनच्या युरोपीय बिजागऱ्यांवरचे स्क्रू पाहावेत: ते बहुधा पोझिड्रिव्हचे दोन नंबरचे असतात. सुतार त्यावर फिलिप्स चालवतो, टोक डुलते, आणि दरवाजा जुळवण्याचा स्क्रू काही वेळा फिरवल्यावर निकामी होतो.

याच घराण्यातला आणखी एक मिश्र प्रकार आपल्या भिंतीतच असतो. वीजपेटीतील अनेक एमसीबींच्या टर्मिनलवर फुलीच्या एका रेघेचे दोन्ही हात डोक्याच्या कडेपर्यंत लांबवलेले असतात, म्हणजे ती खाच एकाच वेळी पोझिड्रिव्ह आणि चपटी अशी दोन्ही असते. तिच्यासाठी दोन हात रुंद आणि दोन अरुंद असलेले खास टोक मिळते. नुसत्या फिलिप्सने हा स्क्रू पुरेसा आवळला जात नाही, तार सैल राहते आणि टर्मिनल तापते. अर्थात हे काम मुख्य स्विच बंद करून, पुरवठा नसल्याची खात्री केल्यावरच करायचे असते.

चौथी फुली कालबाह्य म्हणता येईल अशी आहे. फ्रीअरसन, म्हणजेच रीड अँड प्रिन्स या नावाने ओळखले जाणारे टोक अगदी शेंड्यापर्यंत धारदार जाते, त्याचा कोन ७५ अंशांचा असतो आणि कोपऱ्यांत गोलाई नसते. साबणात दाबल्यास फिलिप्सचा ठसा तळाशी बोथट उमटतो, तर फ्रीअरसनचा ठसा चार धारांनी एका बिंदूत मिळतो. एकाच टोकाने बहुतेक सगळ्या मापांचे स्क्रू फिरवता येतात हा त्याचा मोठा गुण होता. अमेरिकी बनावटीच्या जुन्या बोटींच्या पितळी आणि कांस्याच्या सामानावर तो अजून आढळतो. ढिगात असे टोक सापडले तर ‘टोकदार झालेला फिलिप्स’ म्हणून ते घासून बोथट करू नये.

फुलीचे चार हात एका रेषेत नसून एकमेकांपासून थोडे सरकलेले दिसले तर तो टॉर्क-सेट असतो आणि तो विमानाच्या पत्र्यांवर वापरला जातो. घरात त्याचे काम नाही.

पाकळ्या, दाते आणि चौकोन

सहा पाकळ्यांचा टॉर्क्स १९६७ मध्ये अमेरिकेतील कॅमकार टेक्स्ट्रॉन या कंपनीने आणला. त्याच्या भिंती उभ्या आणि तळ सपाट असतो, त्यामुळे दाब न देताही जोर लागतो. इथे चूक प्रकारात कमी आणि मापात जास्त होते. व्हर्निअर कॅलिपरने समोरासमोरच्या पाकळ्यांमधले अंतर मोजले तर टी २० सुमारे ३.८६ मिलिमीटर, टी २५ सुमारे ४.४३ आणि टी २७ सुमारे ४.९९ मिलिमीटर भरते. टी २७ च्या खाचेत टी २५ जाते, थोडे डुलते आणि मग पाकळ्या खाते. खाचेच्या मध्ये खुंटी असेल तर मध्ये भोक असलेले टॉर्क्स बिट लागते. पाकळ्या गोल वाटण्याऐवजी चौकटीकडे झुकलेल्या वाटल्या, तर ते टॉर्क्स प्लस असते आणि त्यावर टी ऐवजी ‘आयपी’ हे चिन्ह असते. साध्या टॉर्क्सचे टोक त्यात सैल बसते, तर टॉर्क्स प्लसचे टोक साध्या खाचेत जातच नाही.

पाकळ्या मोजताना पाच भरल्या, तर तो अॅपलने २००९ पासून वापरलेला पेंटालोब असण्याची शक्यता जास्त. आयफोनच्या तळाशी असलेल्या दोन स्क्रूंसाठी ०.८ मिलिमीटरचे आणि मॅकबुकच्या तळासाठी १.२ मिलिमीटरचे टोक लागते. या आकारात पाच आणि सहा यांतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. फोनच्या कॅमेऱ्याने फोटो काढून, तो मोठा करून मगच मोजावे.

बारा टोकांची खाच दिसली की अधिक सावध व्हावे, कारण बारा टोके दोन वेगळ्या रीतींनी तयार होतात. दोन षटकोन एकमेकांवर फिरवून ठेवले तर प्रत्येक टोकाचा कोन १२० अंशांचा होतो. तीन चौकोन फिरवून ठेवले तर तो ९० अंशांचा, म्हणजे अधिक धारदार होतो. हा दुसरा प्रकार एक्सझेडएन या नावाने ओळखला जातो आणि जर्मन गाड्यांत सर्रास असतो. चाकण येथे फोक्सवॅगनचा आणि छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा येथे स्कोडाचा कारखाना असल्यामुळे आपल्याकडच्या गॅरेजवाल्यांना तो आता परका राहिलेला नाही. ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या दांड्याच्या, सांध्यावरचे बोल्ट त्याच प्रकारचे असतात. त्यांच्या डोक्यात ग्रीस आणि चिखल इतका घट्ट भरलेला असतो की बिट अर्धेच आत जाते. खाच सुईने तळापर्यंत कोरून, बिट हातोडीने हलके ठोकून बसवल्यावरच पाना लावावा. इथे टॉर्क्स लावण्याचा मोह टाळावा, कारण एकदा दाते गेले की बोल्टचे डोके ड्रिल करण्यावाचून उपाय उरत नाही.

ब्रिस्टल हा प्रकार टॉर्क्सच्या कितीतरी आधीचा आहे. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील वॉटरबरीच्या ब्रिस्टल कंपनीवरून त्याला हे नाव मिळाले. त्याला चार किंवा सहा दाते असतात, पण ते गोलाई नसलेले, काटकोनी खांद्यांचे असतात, त्यामुळे खाच बारीक दातेरी चाकासारखी दिसते. कॉलिन्स या कंपनीच्या रेडिओ संचांच्या बटणांमध्ये असे बारीक बिनडोक्याचे स्क्रू आहेत, आणि जुने रेडिओ जमवणाऱ्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या, मंडळींना त्यांच्याशी झगडावे लागते. त्यात एलन की (षटकोनी खाचेची किल्ली) किंवा टॉर्क्स ठोकून बसवल्यास खाच तर जातेच, वर बटणही फुटते.

चौकोनी खाचेचा रॉबर्टसन कालबाह्य मुळीच नाही. तो फक्त कॅनडाबाहेर अनोळखी आहे. पी. एल. रॉबर्टसन यांनी तो १९०८ च्या सुमारास तयार केला आणि ऑन्टॅरिओतील मिल्टन येथे त्याचा कारखाना उभा केला. टोरांटो किंवा ब्रॅम्प्टनमध्ये घर घेतलेल्या मराठी माणसाला विजेच्या बोर्डाचे झाकण उघडताना तो पहिल्याच दिवशी भेटतो. मुठीचा रंग माप सांगतो: पिवळा शून्य, हिरवा एक, लाल दोन आणि काळा तीन नंबर. घरकामात लाल आणि हिरव्यानेच बहुतेक भागते.

जे खरोखर जुने आहे

जनरल मोटर्सच्या १९४० आणि १९५० च्या दशकांतील गाड्यांच्या पत्र्यांवर बो-टायच्या आकाराची खाच दिसते. तिला क्लच हेड म्हणतात. जुन्या प्रकारात बो-टायच्या मध्यभागी गोल खळगा असतो, नव्या प्रकारात तो नसतो आणि खाच फुलपाखरासारखी दिसते. दोहोंची टोके वेगळी असतात, पण ही खाच अडल्या वेळी योग्य रुंदीच्या चपट्या ड्रायव्हरनेही फिरावी अशीच केलेली आहे.

जुन्या हातकरवतीच्या मुठीवर पितळी चकतीसारखे नट असतात. त्यांच्या मध्यातून स्क्रूचा दांडा वर आलेला असतो आणि दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी खाच असते. त्यासाठीचे टोक म्हणजे मधोमध चौकोनी खाच पाडलेले चपटे पाते. ढिगात असे पाते मिळाले तर ते तुटलेले समजून भंगारात टाकू नये. आणि मिळाले नाही तर एखाद्या जाड चपट्या ड्रायव्हरच्या मध्यात कानशीने खाच पाडून ते घरीच करता येते.

दोन भोकांचे डोके असेल तर दोन खुंट्यांचे टोक लागते. खाच चपटी, पण सोडवण्याच्या दिशेने उतरती कापलेली असेल, तर तो एकदाच आवळायचा स्क्रू असतो आणि त्याचे टोक शोधण्यात वेळ घालवू नये. निन्तेन्दो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीच्या जुन्या कार्ट्रिजवर ३.८ मिलिमीटरचे बाहेरून पकडणारे पोकळ टोक लागते, यंत्रावर ४.५ मिलिमीटरचे, आणि गेम बॉयच्या पाठीवर तीन हातांचे.

उरली साधी चपटी खाच, आणि तिच्याइतकी कमी लेखलेली खाच दुसरी नाही. सर्वसाधारण ड्रायव्हरचे पाते पाचरीसारखे निमुळते असते, तर शिलाई मशीन, भिंतीवरचे घड्याळ किंवा जुनी बंदूक यांच्या स्क्रूंच्या खाचेच्या भिंती समांतर असतात. पाचर फक्त वरच्या कडांना टेकते आणि त्या उचकटते. अशा स्क्रूंसाठी दोन्ही बाजूंनी पोकळ घासून शेवटचा भाग समांतर ठेवलेले पाते लागते. जुन्या ढिगात शेंड्यापाशी बारीक आणि वर जाड असे पाते दिसले तर ते बहुधा हेच असते, आणि ते ग्राइंडरवर ‘सरळ’ केले की त्याचा उपयोग संपतो. वाड्याच्या किंवा जुन्या कपाटाच्या बिजागरीतील स्क्रूची खाच केंद्रातून जराशी सरकलेली आणि त्याचे खालचे टोक बोथट असेल, तर तो साधारण १८५० पूर्वीच्या पद्धतीचा, हाताने खाच पाडलेला स्क्रू असू शकतो. त्याच्या खाचेच्या जाडीचे पाते घासून तयार करावे आणि तोच स्क्रू परत बसवावा.

जोर लावण्यापूर्वी

प्रकार ठरल्यावरही टोक खाचेत ठेवून आधी नुसत्या बोटांनी दोन्ही दिशांना हलवून पाहावे. योग्य टोक जवळजवळ हलत नाही; चुकीचे टोक थोडे फिरते आणि मग अडते. टोक तळाला टेकले की कडांवरच लटकले आहे हे तपासायचे असेल, तर टोकावर मार्करची शाई लावून ते एकदा दाबावे आणि शाई कुठे पुसली गेली ते पाहावे. शेंड्याची शाई तशीच असेल तर टोक कोपऱ्यांवर अडलेले आहे.

निघालेल्या स्क्रूच्या जागी एलन बोल्ट बसवण्याची पद्धत गॅरेजमध्ये रूढ आहे, आणि आरएक्ससारख्या गाडीच्या झाकणांसाठी ती वाईटही नाही. मात्र या झाकणांचे स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेवावा आणि नवा बोल्ट त्याच्याशी लांबी जुळवूनच घ्यावा, कारण आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या, भोकात जास्त लांबीचा बोल्ट आवळला तर अॅल्युमिनियमचे ओतीव झाकण किंवा इंजिनाचा बाहेरचा भाग तडकतो.